वडील

आगमनकाळाचा पहिला आठवडा होता. संध्याकाळची जपमाळेची प्रार्थना आटोपून आम्ही दोघे ओटीवर बसलो होतो, तोच फाटक वाजले आणि आमच्या धर्मग्रामाचे फादर सायकल भिंतीला टेकवून आत आले. चहा झाला, हवापाण्याच्या गोष्टी झाल्या, आणि मग त्यांनी मूळ विषय काढला. पॅरिश कौन्सिलची मुदत संपत आली होती. पुढील तीन वर्षांसाठी उपाध्यक्षपद मी स्वीकारावे, अशी त्यांची आणि गावातल्या बऱ्याच जणांची इच्छा होती. "सर, तुमच्यासारखी वडीलधारी माणसं पुढे आली नाहीत तर आम्ही कोणाकडे पाहायचं?" असे ते म्हणाले. मी विचार करायला आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

मनातले खरे सांगायचे तर विचार करण्यासारखे काही आहे असे मला तेव्हा वाटत नव्हते. चौतीस वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवले, वीस वर्षे रविवारच्या मिस्सात वाचन केले, नाताळची नाटके लिहिली, नोवेनाच्या पुस्तिका तपासून दिल्या. या बोलावण्याची मी वाटच पाहत होतो. ते आले तेव्हा मला आश्चर्य वाटले ते इतकेच, की ते एवढ्या उशिरा का आले. फादर गेल्यावर पत्नी कपबशा उचलता उचलता म्हणाली, "अहो, आठ दिवस कशाला मागितलेत? तुमचा होकार तर फादर फाटकाशी होते तेव्हाच ठरला होता."

तिच्या बोलण्यात खोच होती. ती लागली म्हणूनच असेल, त्या रात्री मी कपाटातून बायबल काढले. होकार देण्याआधी संत पौलाचे तिमथीला लिहिलेले पहिले पत्र आणि तीताला लिहिलेले पत्र पुन्हा एकदा वाचावे असे ठरवले. ख्रिस्तसभेतील अधिकाऱ्याच्या अंगी कोणते गुण असावेत याची यादी या दोन पत्रांत आहे, हे मला ठाऊक होते. ती मी चर्चमध्ये मोठ्याने वाचलीही होती. परंतु स्वतःचे नाव मनात धरून ती कधी वाचली नव्हती.

यादीकडे वळण्यापूर्वी एका शब्दाविषयी लिहितो. मराठीच्या शिक्षकाची ही खोड वाचकांनी सहन करावी. मूळ ग्रीक भाषेत दोन शब्द येतात. एक एपिस्कोपोस, म्हणजे देखरेख ठेवणारा. त्यावरून पुढे बिशप हा शब्द आला. दुसरा प्रेस्बुतेरोस, म्हणजे वयाने मोठा. इंग्रजीतला प्रीस्ट हा शब्द त्याच मुळातून निघाला. पहिल्या शतकात या दोन पदांच्या सीमा आजच्याइतक्या रेखीव नव्हत्या. तीताच्या पत्रात तर दोन्ही शब्द एकाच माणसासाठी पाठोपाठ आलेले दिसतात. जुन्या मराठी बायबलने प्रेस्बुतेरोससाठी 'वडील' हा शब्द योजला. मला हे भाषांतर फार आवडते. आपल्याकडे जन्मदात्यालाही वडील म्हणतात, थोरल्या भावालाही वडील बंधू म्हणतात, आणि घरात ज्याचा शब्द चालतो त्यालाही वडील माणूस म्हणतात. मान, वय आणि नाते या तिन्ही गोष्टी त्या एका शब्दात आहेत. त्या रात्री मात्र मला त्यातला मानच तेवढा दिसत होता.

पॅरिश कौन्सिलचा सभासद म्हणजे पौलाच्या अर्थाने वडील नव्हे, हे मान्य. ते पद अभिषिक्त धर्मगुरूचे आहे. १९८३ च्या कायदेसंहितेतील ५३६ वे कलम स्पष्ट सांगते की धर्मग्रामाच्या मंडळाचे अध्यक्ष धर्मगुरू असतात आणि मंडळाचे काम सल्ला देण्यापुरते असते. पण धर्मप्रांताच्या मंडळावर प्रापंचिक माणसे घेताना ती दृढ श्रद्धेची, चांगल्या आचरणाची आणि विवेकी असावीत, असे ५१२ वे कलम म्हणतेच. हे सूत्र पौलाच्या यादीशी मिळतेजुळते आहे. तेव्हा आपण सल्लागार असलो तरी यादीतून सुटका नाही, असे मी स्वतःला बजावले आणि वाचू लागलो.

पहिली गोष्ट जी जाणवली ती ही की यादी किती साधी आहे! तीत त्या वेळी क्रीट बेटावर होता आणि तिथल्या लोकांची कीर्ती काही चांगली नव्हती. पौलानेही त्यांच्याविषयी कडक शब्द वापरले आहेत. अशा ठिकाणी गावोगाव वडील नेमायचे होते. पौलाने देवदूत मागितले नाहीत. दर्शने घडलेला माणूस हवा, भाषांचे दान मिळालेला हवा, रोग बरे करणारा हवा, असे तो कुठेही म्हणत नाही. माणूस पिणारा नसावा, हात उगारणारा नसावा, भांडखोर नसावा, पैशाचा लोभी नसावा. संयमी, समजूतदार, नीटनेटका असावा. आपल्या मुलीसाठी स्थळ पाहताना आपण जी चौकशी करतो तीच ही. एका पत्नीचा पती असावा या अटीवर पुढे पुष्कळ चर्चा झाली. आपल्या लॅटिन परंपरेत ब्रह्मचर्याचा नियम आल्यावर धर्मगुरूंपुरता तो प्रश्नच उरला नाही, आणि माझ्यासारख्या माणसाला त्यात थांबण्यासारखे काही नव्हते.

मद्यापाशीही मी फारसा थांबलो नाही. आमच्या गावात लग्नाच्या आदल्या रात्री काय चालते हे सांगायला नको, पण मी स्वतः त्यातला नव्हे. शिवाय तोच पौल त्याच पत्रात तिमथीला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, हे वाचून दर वेळी मला हसू येते. पत्र लिहिणारा हाडामांसाचा माणूस आहे याची खूण पटते.

आतिथ्यापाशी मात्र रेंगाळलो. मूळ शब्द आहे फिलोक्सेनोस. सोयऱ्याधायऱ्यांना जेवू घालणारा असा त्याचा अर्थ नाही; परक्यावर प्रेम करणारा असा आहे. आम्ही वसईकर पाहुणचारासाठी प्रसिद्ध, पण आमचे पाहुणे बहुधा आमचेच असतात. गेल्या तीस वर्षांत वसई-विरारचे शहर झाले. वाड्यांच्या जागी इमारती आल्या आणि झारखंड, ओडिशा, केरळ, तमिळनाडूकडची कॅथलिक कुटुंबे आमच्या चर्चमध्ये येऊ लागली. ती शेवटच्या बाकांवर बसतात आणि मिस्सा संपताच निघून जातात. आम्ही त्यांना 'भाडोत्री' म्हणतो. वीस वर्षे मी वाचनपीठावरून त्या बाकांकडे पाहत आलो, पण त्यांतल्या एकाचेही नाव मला सांगता येणार नाही.

नवशिक्या नसावा, ही अट वाचताना मला बरे वाटले. इथला ग्रीक शब्द निओफुतोस, म्हणजे नुकताच लावलेला. वाडीत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. केळीचा मुनवा लावला की त्याच दिवशी त्याच्याकडून सावलीची अपेक्षा कोणी करत नाही. ३२५ साली नायसियाच्या विश्वपरिषदेने याच अटीच्या आधारे नियम केला, की नुकत्याच बाप्तिस्मा घेतलेल्याला धर्मगुरू किंवा बिशप करू नये. आणि पन्नास वर्षेही लोटली नाहीत तोच मिलान शहरात तो नियम मोडला गेला. ३७४ साली तिथले बिशप वारले. एरियसपंथी आणि कॅथलिक यांच्यात नव्या बिशपवरून दंगल होण्याची चिन्हे दिसली, म्हणून प्रांताचा राज्यपाल आंब्रोज शांततेचे आवाहन करायला चर्चमध्ये गेला. तिथे एका लहान मुलाचा आवाज उठला, "आंब्रोज बिशप!" आणि सगळा जमाव तेच म्हणू लागला. आंब्रोजचा तोपर्यंत बाप्तिस्माही झालेला नव्हता.

पुढची हकीकत त्याचा चरित्रकार पॉलिनस सांगतो. आपण या पदाला लायक नाही हे लोकांना पटावे म्हणून आंब्रोजने न्यायासनावर बसून आरोपींना छळाची शिक्षा फर्मावली. बदनाम स्त्रियांना उघडपणे आपल्या घरी येऊ दिले. म्हणजे पौलाची यादी समोर ठेवून त्याने एकेक कलम मोडून दाखवायचा प्रयत्न केला! लोकांनी काही ऐकले नाही. तो रात्री शहरातून पळाला. सकाळी पाहतो तर मिलानच्याच वेशीवर. शेवटी त्याला बाप्तिस्मा दिला गेला आणि आठवडाभरात, ७ डिसेंबर रोजी, त्याचा बिशप म्हणून अभिषेक झाला. त्याने आपली संपत्ती ख्रिस्तसभेला आणि गरिबांना दिली. पुढे याच आंब्रोजच्या हातून ३८७ साली संत ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला. त्याचा सण आपण आगमनकाळातच साजरा करतो. तो दोनतीन दिवसांवर आला होता.

हे सगळे मी पत्नीला मोठ्या रसाने सांगितले. ती भाजी निवडत होती. ती म्हणाली, "त्या बिचाऱ्याला खोटे दोष उसने आणावे लागले." मग जरा थांबून विचारले, "तुमच्या त्या यादीत पुढे काय आहे?"

पुढे होते, त्याला शिकवता आले पाहिजे. संपूर्ण यादीत कौशल्य म्हणता येईल असे हे एकच. बाकी सारे स्वभावाचे आणि वागणुकीचे. ज्याने चौतीस वर्षे फळ्यापुढे काढली त्याने या ओळीवर बरोबरची खूण करून पुढे जायला हरकत नव्हती. पण मी तिथेच थांबलो. आता जे लिहितो आहे ते लिहू नये असे पुष्कळदा वाटले.

माझा थोरला भाऊ चौथीपर्यंत शिकला. वडिलांना वाडीत एक माणूस हवा होता आणि शाळेत एकच मुलगा पाठवणे परवडत होते. दादाने दप्तर ठेवले आणि ते मी उचलले. बापाच्या माघारी, २००८ साली, आम्ही वाटणीपत्र केले. वाडी अडतीस गुंठ्यांची. पुढे रस्त्याला लागून तीन गुंठ्यांचा तुकडा आणि त्यात बापाने बांधलेली विहीर. विहीर दोघांची राहील असे दादा धरून चालला होता. तसे आमचे बोलणेही झाले होते. पण वकिलाने मसुदा करताना मला विचारले, आणि रस्त्याकडचा तुकडा विहिरीसकट माझ्या हिश्श्यात लिहायला मी हरकत घेतली नाही. दादाला पाणी माझ्या 'संमतीने' घेता येईल, असे तिसऱ्या पानावर एक वाक्य आले. सही करण्याच्या दिवशी दादाने कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "वाच रे, काय लिहिलंय ते." मी पहिले पान वाचले. दुसरे वाचले. तिसरे पान उलटले आणि म्हणालो, "बाकी नेहमीचंच आहे." दादाने सही केली.

मी खोटे बोललो नाही. शिकवणाऱ्या माणसाने अर्धाच धडा शिकवला, एवढेच केले.

पुढे माझ्या मुलाने विहिरीला कुंपण घातले, पंपाच्या खोलीला कुलूप आले, आणि तीन गुंठ्यांत टेम्पो उभे करायची जागा झाली. दादाने एकदाही तक्रार केली नाही. त्याने स्वतःच्या पैशाने कूपनलिका मारली. दोन वर्षे तिला गोडे पाणी लागले, नंतर मचूळ; आमच्या भागात जमिनीखालचे पाणी उपसले गेले तसे समुद्राचे आत आले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याची पानवेल गेली. केळी कशीबशी तगली. मिस्साला तो डाव्या बाजूला बसतो, मी उजव्या. शांतीचे अभिवादन करताना आम्ही आपापल्या शेजाऱ्यांकडे वळतो.

यादीतला अगदी पहिला शब्द मी भरभर ओलांडून गेलो होतो. अनेपिलेम्प्तोस. भाषांतरात 'निर्दोष' असे येते. पण त्या शब्दाच्या मुळाशी पकडण्याची क्रिया आहे. ज्याला कोणी कुठे धरू शकत नाही असा माणूस. मी परत त्या शब्दाकडे आलो आणि बराच वेळ बसून राहिलो. माझा सातबारा स्वच्छ आहे. वाटणीपत्र नोंदलेले आहे, त्यावर दादाची सही आहे, दोन साक्षीदार आहेत. मला कुठेही धरता येत नाही. कोणत्याही कौन्सिलने, कोणत्याही न्यायालयाने चौकशी केली तरी मी निसटलो असतो. पौलाने हे मनात धरून तो शब्द लिहिला नव्हता.

बाहेरच्या लोकांमध्येही त्याचे नाव चांगले असावे, अशी यादीतली शेवटची अट. बाहेरचे म्हणजे ख्रिस्तसभेबाहेरचे. त्या दोन साक्षीदारांतले एक आमचे हिंदू शेजारी, बापाच्या वेळेपासूनचे. त्या दिवशी ते तिथेच बसले होते आणि त्यांना वाचता येत होते. पूर्वी ते मला 'मास्तर' म्हणत. त्यानंतर कधीतरी 'साहेब' म्हणू लागले. माझी बढती झाली असे मी इतकी वर्षे समजत होतो.

आणि हे सगळे मी पापनिवेदनात सांगितले नव्हते का? सांगितले होते. दर नाताळाला, दर पुनरुत्थानसणाला: 'फादर, भावाशी अबोला आहे.' अबोला हा शब्द दोघांत वाटून घेता येतो. तिसऱ्या पानाविषयी मी कधी बोललो नाही.

पत्नीने माझ्या हातातले बायबल घेतले होते आणि ती त्याच पत्राचा पाचवा अध्याय वाचत होती. विधवांच्या यादीत कोणाचे नाव घ्यावे हे पौल तिथे सांगतो. साठीच्या पुढची असावी. मुले वाढवलेली, परक्यांना घरात घेतलेली, पवित्र जनांचे पाय धुतलेली, संकटात सापडलेल्यांना मदत केलेली असावी. ती म्हणाली, "गंमत पाहा. पुरुषांच्या यादीत तो कसा असावा आणि कसा नसावा ते लिहिलंय. बाईला विचारलंय, तू काय केलंस." हा भेद माझ्या लक्षात आला नव्हता. चर्चच्या व्यासपीठावरही तो कोणी दाखवल्याचे मला आठवत नाही. मी तिला तिसऱ्या पानाची गोष्ट सांगितली. आजवर तिलाही सांगितली नव्हती. ती काही बोलली नाही. पातेले घेऊन आत गेली आणि बराच वेळ तिच्या भांड्यांचा आवाज आला नाही.

७ डिसेंबरला सकाळच्या मिस्सानंतर मी फादरांच्या कार्यालयात गेलो आणि उपाध्यक्षपदासाठी दुसरे नाव पाहा असे सांगितले. कारणही सांगितले. आपल्या घराची व्यवस्था ज्याला ठेवता येत नाही तो देवाच्या ख्रिस्तसभेची काय ठेवणार, हा पौलाचा प्रश्न त्यांना नवा नव्हता. फादर माझ्या नातवाच्या वयाचे नसले तरी मुलाच्या वयाचे आहेत. ते माझे सांत्वन करतील, 'सर, असं कोणाच्या घरी नसतं?' असे म्हणतील, अशी मला अंधुक आशा होती. ते तसे म्हणाले नाहीत. टेबलावरचे कागद त्यांनी सरळ केले आणि म्हणाले, "कौन्सिलची बैठक जानेवारीत आहे. दादांचं घर तर तुमच्या परतीच्या वाटेवरच आहे."

त्या दिवशी मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी निष्कलंक मातेचा सण होता. त्याही दिवशी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला वाटणीपत्र पिशवीत घालून निघालो. कुंपणामुळे आता वळसा घालून जावे लागते. पूर्वी विहिरीवरून गेले की पन्नास पावले होत.

वहिनी दारात होत्या. "भावोजी," एवढेच म्हणाल्या आणि पाणी आणायला आत गेल्या. दादा खाटेवर बसला होता. तो खूप वाळला आहे, हे मी उजव्या बाजूच्या बाकावरून कधी पाहिले नव्हते. वाटेत जुळवलेले एकही वाक्य मला आठवेना. मी कागद त्याच्यापुढे धरला आणि म्हणालो, "दादा, त्या दिवशी मी तिसरं पान वाचलं नव्हतं."

"ठाऊक आहे," दादा म्हणाला. "मला वाचता येत नाही नीट. पण तू पान उलटताना माझ्याकडे बघत नव्हतास."

वहिनींनी पाणी ठेवले. मी विहिरीविषयी, दुरुस्तीपत्राविषयी, वकिलाविषयी काहीबाही बोलू लागलो. माझ्या मुलाला हे मान्य होईल की नाही याची मला आजही खात्री नाही, आणि हे लिहीपर्यंत दुरुस्तीपत्राची नोंद झालेली नाही. दादाने हात वर करून मला थांबवले. दिव्याखाली माझ्यासाठी जागा करत तो थोडा सरकून बसला.

"आधी कागद वाच," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

मी चष्मा लावला. चारही पाने वाचायला अर्धा तास लागला, कारण तिसऱ्या पानावर दादाने मला दोनदा थांबवून 'संमती' या शब्दाचा अर्थ विचारला.